स्कोअरबुकात नसलेला माणूस

१९७२च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन गावी, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, जॉश गिब्सनच्या नावाची ब्राँझची पाटी लागली. बेसबॉल खेळणाऱ्याला अमेरिकेत यापेक्षा मोठा मान नाही. पाटीवर त्याचा चेहरा, आणि त्याखाली कामगिरी: सतरा वर्षांच्या कारकिर्दीत जवळजवळ आठशे होमरन, म्हणजे क्रिकेटच्या षटकारासारखे मैदानाबाहेर मारलेले फटके. त्या दिवशी पिट्सबर्गच्या ॲलेघेनी दफनभूमीत, जिथे पंचवीस वर्षांपूर्वी त्याला पुरलं होतं तिथे, मात्र नावाचा दगडसुद्धा नव्हता. गवत होतं, आणि आजूबाजूला इतरांचे दगड. तो दगड बसायला आणखी तीन वर्षं जावी लागली.

देशानं अमर म्हणून जाहीर केलेला माणूस जमिनीत कुठे आहे हे त्या जमिनीवर लिहिलेलं नाही, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी ते निव्वळ दुर्लक्ष समजले. घरची गरिबी असेल, राहून गेलं असेल. गिब्सनबद्दल जसजसं वाचत गेले तसतसं वाटायला लागलं की राहून गेलेला दगड ही या गोष्टीतली सगळ्यात किरकोळ बाब आहे. या माणसाच्या बाबतीत कुणी काही लिहूनच ठेवलं नव्हतं.

मी पिट्सबर्गमध्ये राहते. बेसबॉल मला उशिरा कळला, आणि अजूनही मी तो क्रिकेटमधूनच समजून घेते. इथल्या लॉरेन्सव्हिल भागात ही दफनभूमी आहे, १८४४ साली सुरू झालेली, सुमारे तीनशे एकरांवर पसरलेली. बटलर स्ट्रीटच्या बाजूनं आत शिरलं की गॉथिक धाटणीची दगडी कमान लागते आणि मग चढउतारांचे रस्ते. हरणं निवांत चरत असतात, माणसं जॉगिंग करतात. या शहरानं पोलादात आणि बँकांत जो पैसा कमावला, त्यातला बराचसा इथे संगमरवर होऊन उभा आहे. खांबांचे मंडप, रंगीत काचा, देवदूत. गीतकार स्टीफन फॉस्टर इथेच आहे. तोंड वासलेल्या शार्क माशाच्या आकाराचं एक थडगंही आहे, आणि खरं सांगायचं तर आलेली निम्मी मंडळी तेच शोधत असतात. गिब्सनचा दगड छोटा आहे, जमिनीलगत. नाव, १९११–१९४७, आणि 'लेजंडरी बेसबॉल प्लेयर' एवढेच शब्द. कुणीतरी बॉल ठेवून जातं, कुणी नाणी. नकाशा घेऊन गेलात तरी चुकण्याची शक्यता आहेच, कारण लांबून दिसणारं तिथे काही नाही.

जॉशचा जन्म जॉर्जियातल्या ब्यूना व्हिस्टा या गावचा, २१ डिसेंबर १९११चा. दक्षिणेकडून उत्तरेच्या कारखान्यांकडे त्या काळात काळ्या कुटुंबांचा जो लोंढा निघाला, त्यात गिब्सन कुटुंबही होतं. वडील मार्क आधी पिट्सबर्गला आले, पोलादाच्या कारखान्यात लागले, आणि मग बायकोपोरांना बोलावून घेतलं. पुढे जॉश म्हणे, वडिलांनी मला दिलेली सगळ्यात मोठी देणगी म्हणजे त्यांनी मला दक्षिणेतून बाहेर काढलं. शाळेत तो विजेचं काम शिकत होता. नववीनंतर शाळा सुटली. गिंबल्स नावाच्या मोठ्या दुकानात लिफ्ट चालवायची आणि दुकानाच्या संघातून बेसबॉल खेळायचा, असं चाललं होतं. अंगानं दणकट, खांदे रुंद, स्वभावानं त्या वयात हसरा आणि जरा लाजाळू.

तो कॅचर होता. म्हणजे आपल्या भाषेत यष्टिरक्षक, पण इथला कॅचर सबंध वेळ उकिडवा बसतो, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास येणारा चेंडू झेलतो, आणि वर गोलंदाजानं कुठला चेंडू टाकायचा हेही बहुधा तोच खुणेनं सांगतो. गुडघे आणि बोटं खाणारं काम. त्यामुळे उत्तम कॅचर हा उत्तम फलंदाज असेलच अशी अपेक्षा कुणी करत नाही. गिब्सन त्याच्या पिढीतला सगळ्यात ताकदवान फलंदाज होता.

त्याच्या पदार्पणाची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ असते. १९३० सालचा जुलै. होमस्टेड ग्रेज आणि कॅन्सस सिटी मोनार्क्स या काळ्या खेळाडूंच्या संघांचा सामना, पिट्सबर्गच्या फोर्ब्स फील्डवर, ट्रकवरून आणलेल्या दिव्यांच्या उजेडात. ग्रेजचा कॅचर बक युइंग याच्या हाताला लागलं, आणि प्रेक्षकांत बसलेल्या अठरा वर्षांच्या जॉशला हाक मारून मैदानात उतरवलं. सुरेख गोष्ट आहे. तारखा नीट जुळत नाहीत, सांगणारे प्रत्येक वेळी तपशील बदलतात, आणि ज्यांनी त्या आठवड्याची वर्तमानपत्रं चाळली त्यांना हे असं घडलेलं दिसत नाही. एवढं नक्की की त्या उन्हाळ्यात तो ग्रेजमध्ये आला. आणि त्याच उन्हाळ्यात त्याची बायको हेलन जुळ्यांना जन्म देताना गेली. मुलगा आणि मुलगी दोन्ही वाचली. मुलाचं नाव जॉश ठेवलं, मुलीचं हेलन. हेलनच्या आईवडिलांनी ती वाढवली, आणि अठरा वर्षांचा बाप संघाच्या बसमधून गावोगाव खेळत फिरू लागला.

या भागाबद्दल फार कमी लिहिलेलं सापडतं. होमरनच्या दंतकथा पानंच्या पानं मिळतात. एकदा म्हणे त्यानं पिट्सबर्गमध्ये मारलेला चेंडू खाली आलाच नाही. दुसऱ्या दिवशी फिलाडेल्फियात सामना चालू असताना आकाशातून चेंडू पडला, क्षेत्ररक्षकानं तो झेलला, आणि पंच गिब्सनला म्हणाला: आउट, काल, पिट्सबर्गमध्ये! हे मी ज्याला ज्याला सांगितलं तो खुदकन हसला. हेलनबद्दल मात्र एका ओळीपलीकडे सांगायला माझ्याकडे काही नाही.

१९३२ साली तो क्रॉफर्ड्स संघात गेला. या संघाचा मालक गस ग्रीनली. आपल्याकडच्या मटक्यासारखा 'नंबर्स' नावाचा बेकायदा जुगार तो चालवायचा, आणि त्या पैशातून त्यानं हिल डिस्ट्रिक्ट या काळ्या वस्तीत बेडफर्ड अव्हेन्यूवर स्वतःचं मैदान बांधलं, ग्रीनली फील्ड. गोऱ्या संघांचं मैदान भाड्यानं घ्यायचं तर काळ्या खेळाडूंना तिथली कपडे बदलायची खोलीही मिळत नसे, म्हणून स्वतःचं मैदान. मटक्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या या संघात एका वेळी पाच असे खेळाडू होते जे पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले: सॅचेल पेज (हा पिचर, म्हणजे गोलंदाज), कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्सटन, जुडी जॉन्सन आणि गिब्सन. सहा-सात वर्षांत मैदान पाडून तिथे सरकारी घरं बांधली गेली. आज त्या रस्त्यानं गेलं तर निळी-पिवळी सरकारी स्मृतिपाटी दिसते. तिच्यावरही आठशेचाच आकडा आहे.

१९३७ साली डोमिनिकन रिपब्लिकचा हुकूमशहा त्रुहियो याला आपल्या नावाच्या शहराच्या संघासाठी खेळाडू हवे होते. राजधानीचं नाव त्यानं आधीच बदलून स्वतःचं ठेवलं होतं. पेज, बेल, गिब्सन तिकडे गेले आणि स्पर्धा जिंकून आले. बंदूकधारी सैनिक मैदानाभोवती कसे उभे होते आणि हरलो असतो तर जिवंत परतलो नसतो, हे पेज पुढे जन्मभर रंगवून सांगायचा. पेजचं सगळंच थोडं गाळून घ्यावं लागतं. नंतर गिब्सन मेक्सिकोत खेळला, पोर्तो रिकोत खेळला. तिथल्या हॉटेलात राहता येई, तिथल्या खाणावळीत जेवता येई. तोवर त्याचा करार पुन्हा ग्रेजशी झाला होता. ग्रेजच्या मालकानं, कंबरलँड पोझीनं, तो करार मोडल्याबद्दल त्याच्यावर दहा हजार डॉलरचा दावा लावला तेव्हा तो परत आला.

आता अमेरिकेच्या 'मोठ्या' बेसबॉलबद्दल, म्हणजे मेजर लीगबद्दल. तिथे काळ्या खेळाडूंना बंदी होती, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ही बंदी कुठे लिहिलेली होती? कुठेच नाही. बेसबॉलचे आयुक्त, केनेसॉ माउंटन लँडिस, १९२० ते १९४४ अशी चोवीस वर्षं या खेळाचे सर्वेसर्वा होते. १९४२ साली त्यांनी छातीठोकपणे जाहीर केलं की काळ्या खेळाडूला घेऊ नये असा नियम आमच्याकडे नाही, लेखी नाही आणि तोंडीही नाही. लेखीबद्दल ते खरंच बोलत होते. कागद नव्हता, म्हणून फाडायलाही काही नव्हतं. आपल्याकडे पाणवठ्यावर कुणी पाणी भरायचं नाही हेही पाटी लावून सांगावं लागत नव्हतंच.

वॉशिंग्टनचा थोर पिचर वॉल्टर जॉन्सन यानं तीसच्या दशकाच्या शेवटी गिब्सनला पाहिलं आणि एका पत्रकाराला सांगितलं की कुठल्याही मोठ्या संघानं दोन लाख डॉलर देऊन विकत घ्यावा असा हा कॅचर आहे, यँकीजचा बिल डिकीही याच्याइतका चांगला नाही. आणि पुढे: वाईट एवढंच की तो काळा आहे. जॉन्सन दुष्ट माणूस नव्हता. कौतुक मनापासूनच होतं. पाऊस पडला म्हणून सामना रद्द झाला, अशा सुरात त्यानं ते शेवटचं वाक्य म्हटलं असावं, असं मला दर वेळी वाटतं. आज वॉशिंग्टनच्या नॅशनल्स पार्कवर त्या दोघांचेही पुतळे आहेत.

त्याच वॉशिंग्टनचा संघमालक क्लार्क ग्रिफिथ यानं गिब्सन आणि ग्रेजमधला त्याचा सहकारी बक लेनर्ड यांना आपल्या कचेरीत बोलावून विचारलं होतं, मोठ्या लीगमध्ये खेळायला आवडेल का? ते हो म्हणाले. पुढे काही झालं नाही. होमस्टेड ग्रेज तोवर आपले बरेच सामने ग्रिफिथच्याच स्टेडियमवर खेळू लागले होते आणि भाडं भरत होते. त्या मैदानाची डावीकडची भिंत चारशे फुटांच्या पलीकडे होती, उजव्या हातानं खेळणाऱ्याची कसोटी पाहणारी. गिब्सन त्या भिंतीवरून चेंडू मारायचा, आणि तिकिटांतला वाटा ग्रिफिथला जायचा.

मग १९४३. वर्षाच्या पहिल्याच दिवशी गिब्सन कोसळला आणि कित्येक तास शुद्धीवर आला नाही. मेंदूत गाठ असल्याचं निदान झालं. शस्त्रक्रियेला त्यानं नकार दिला. उठलो तर माणूस म्हणून उठेन की नाही, ही भीती होती, असं घरच्यांनी पुढे सांगितलं. डोकेदुखी, दारू, मधूनच भ्रम, वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयाच्या फेऱ्या. आणि याच मोसमात त्याची फलंदाजीची सरासरी .४६६.

बेसबॉलची सरासरी दशांशात लिहितात. .३०० म्हणजे दर हजार प्रयत्नांत तीनशे वेळा यशस्वी फटका, आणि एवढं वर्षानुवर्षं जमलं तर माणूस थोर ठरतो. .४०० गाठणारा शेवटचा माणूस टेड विल्यम्स, १९४१ साली .४०६, असंच इथली शाळकरी पोरं पाठ करत आली. डोक्यात गाठ घेऊन, इस्पितळातून ये-जा करत, .४६६. मला हे वाचून अभिमान वगैरे वाटला नाही, धास्ती वाटली. त्या वर्षी त्याच्या शेजारी बसून बस-प्रवास करणाऱ्यांनी काय पाहिलं असेल?

गिब्सन २० जानेवारी १९४७ रोजी गेला, आईच्या घरी, पक्षाघातानं. वय पस्तीस. कसा गेला याच्याही दोन-तीन आवृत्त्या आहेत. एकीत तो सिनेमा पाहताना कोसळतो. दुसरीत तो आपली सगळी चषकं-पदकं गोळा करून आणायला सांगतो, घरच्यांशी हसत-बोलत बसतो आणि जातो. पंच्याऐंशी दिवसांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मोठ्या लीगमध्ये ब्रुकलिनच्या मैदानात उतरला आणि ती न लिहिलेली बंदी संपली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या की 'त्याचं काळीज तुटलं आणि तो गेला' हे वाक्य आपोआप तयार होतं, आणि ते हजारदा लिहिलं गेलं आहे. मला ते पटत नाही. गाठ होती, रक्तदाब होता, दारू होती, सतरा वर्षांचे बसप्रवास होते. काळीज तुटलं असेलही. पण त्या वाक्यानं मृत्यूला एक गोडसर अर्थ मिळतो आणि ज्यांच्यामुळे तो बाहेर राहिला त्यांची नावं घ्यावी लागत नाहीत.

माझे मामा मिरजेहून इथे आले होते तेव्हा त्यांना मी दफनभूमीत घेऊन गेले. मामांनी उभा जन्म क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलं. पैसे नाहीतच, दुपारचं जेवण आणि दोन चहा. प्रत्येक गोलंदाजाला वेगळ्या रंगाचं पेन वापरायचे, आणि डाव संपला की फलंदाजांच्या धावा आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा यांची बेरीज जुळल्याशिवाय जागेवरून उठायचे नाहीत. कुणाला बक्षीस समारंभाची घाई असो की नसो. त्यांना मी गिब्सनची सगळी कथा उत्साहानं सांगितली. आठशे होमरन, फिलाडेल्फियात पडलेला चेंडू, सगळं. ते दगडापाशी वाकून नाव वाचत होते.

"अगं, पण आठशे मोजले कुणी?"

म्हटलं, "म्हणजे? पाटीवर आहे ना मामा."

"पाटी नंतरची. स्कोअरबुक कुठाय? स्कोअरर कोण होता?"

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि मामांना उत्तराशिवाय चैन नसते. घरी आल्यावर आम्ही दोघं संगणकापुढे बसलो. पुढचे बरेच दिवस तेच चाललं.

झालं असं होतं की काळ्यांच्या लीगमधले, म्हणजे 'निग्रो लीग'मधले, संघ अधिकृत सामने थोडे आणि इतर सामने भरपूर खेळायचे. पोट त्यावर होतं. वाटेतल्या गावच्या संघाशी, कारखान्याच्या संघाशी, कधी दिवसाला दोन, कधी तीन. अधिकृत सामन्यांचा धावफलक वर्तमानपत्राला कळवायचं काम यजमान संघाचं. कुणी कळवायचं, कुणी विसरायचं, कुणी आपण हरलो म्हणून टाळायचं. गोऱ्यांच्या दैनिकांना त्यात रस नव्हता. 'पिट्सबर्ग कूरियर', 'शिकागो डिफेंडर' ही काळ्यांची वृत्तपत्रं छापायची, पण ती साप्ताहिकं. आठवड्याभरातले सामने दोन रकान्यांत कोंबायचे म्हटल्यावर काय गळणार हे उघड आहे. आडनाव चुकलेलं, षटकार-चौकारांचा हिशोब असावा तसा फटक्यांचा तपशील गायब, कधी नुसता निकाल. आठशे या आकड्यात ती सगळी गावोगावची मैदानं, सगळे हौशी पिचर मिसळलेले आहेत, आणि कुणीतरी अंदाजानं वाढवलेलेही.

१९४२च्या अंतिम मालिकेतली पेज विरुद्ध गिब्सनची चकमक घ्या. पेजनं मुद्दाम दोघांना फुकट बेसवर (धाव काढताना गाठायच्या टप्प्यांवर) जाऊ दिलं, तिन्ही बेस भरल्या, गिब्सनला समोर आणलं, त्याला सांगून-सवरून तीन चेंडू टाकले आणि बाद केलं. अमेरिकेतल्या खेळकथांमध्ये याहून रंगतदार गोष्ट क्वचित असेल. त्या दिवसाचे वृत्तांत शोधणाऱ्यांना मुद्दाम दिलेले बेस सापडले नाहीत. गिब्सन बाद झाला हे खरं, बाकी पेजचा मसाला. मामांनी हे वाचून हात झटकले. "बेरीज जुळत नाही," म्हणाले, जणू कुणा पोरानं स्कोअरबुकात खाडाखोड केली होती.

पण ही बेरीज जुळवायला काही माणसं चाळीसेक वर्षं खपली. लायब्ररीत बसून मायक्रोफिल्मवर जुनी साप्ताहिकं पानापानानं पाहायची, एका सामन्याचा धावफलक दोन वृत्तपत्रांत मिळाला तर ताडून बघायचा, तिसरीकडून कॅचरचं पहिलं नाव मिळवायचं. लॅरी लेस्टर हे त्यातलं ठळक नाव, कॅन्सस सिटीच्या निग्रो लीग संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक. 'सीमहेड्स' नावाच्या संकेतस्थळावर २०११पासून हे आकडे उघडपणे मिळू लागले. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलनं जाहीर केलं की १९२० ते १९४८ या काळातल्या सात निग्रो लीग 'मेजर'च मानल्या जातील. आणि २०२४च्या मेअखेर ते आकडे अधिकृत नोंदींत मिसळले गेले.

त्या दिवशी सर्वकालीन सरासरीच्या यादीत शंभरेक वर्षं पहिल्या जागेवर ठाण मांडून बसलेला टाय कॉब, .३६७, दुसरा झाला. पहिला जॉश गिब्सन, .३७२. एका मोसमातली सर्वोच्च सरासरी, १९४३ची ती .४६६, तीही त्याचीच. आधीचा मान १८९४ सालच्या ह्यू डफीकडे, .४४०. फटक्यांच्या ताकदीचं जे माप असतं, स्लगिंग, त्यात गोऱ्यांच्या लीगमधला सगळ्यात गाजलेला फटकेबाज बेब रूथ याच्या .६९०च्या वर गिब्सनचे .७१८. हयातीत त्याला 'काळा बेब रूथ' म्हणत. त्याला पाहिलेले काही जण उलटं म्हणायचे, की रूथच गोरा जॉश गिब्सन आहे.

आणि या नव्या नोंदीत त्याचे होमरन किती? दोनशेच्याही आत. मोजलेले सामने सुमारे सहाशे. म्हणजे अधिकृत कागदावर आल्यावर आठशेचे दोनशेही उरले नाहीत, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, तो पहिल्या क्रमांकावर गेला. दंतकथेतला गिब्सन कुणालाही आवडत होता, कारण त्याच्यामुळे कुणाची जागा जात नव्हती. आकाशातून चेंडू पाडणारा माणूस कॉबच्या वर बसत नाही. मोजलेला गिब्सन कॉबला खाली उतरवतो. २०२४च्या त्या आठवड्यात कुरकुर झाली ती यामुळेच. सहाशे सामने कुठे आणि कॉबचे तीन हजार कुठे, पिचरांचा दर्जा काय, मोसम किती छोटे. त्यातला मोसमाच्या लांबीचा मुद्दा मला अगदीच फालतू वाटत नाही. साठेक सामन्यांच्या मोसमात सरासरी उंच राहणं सोपं जातं, हे कुठलाही स्कोअरर सांगेल. पण मोसम छोटे का होते आणि चांगले पिचर दोन वेगळ्या लीगमध्ये का विभागले गेले होते, हे विचारल्याशिवाय तो मुद्दा मांडता येत नाही. कॉबनंही काळ्या पिचरांपैकी कुणाला मोठ्या लीगमध्ये तोंड दिलं नव्हतंच.

१९६६ साली टेड विल्यम्स स्वतः हॉल ऑफ फेममध्ये गेला तेव्हा त्यानं आपल्या भाषणात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावं घेतली. त्यांना संधी मिळाली नाही एवढ्याच कारणानं ते इथे नाहीत, कधीतरी त्यांनाही इथे जागा मिळावी, असं तो म्हणाला. स्वतःच्या सत्काराच्या दिवशी दुसऱ्याची नावं घेणं त्याच्या तापट लौकिकाला शोभणारं नव्हतं, म्हणून ते जास्त ऐकलं गेलं. १९७१ साली पेज, १९७२ साली गिब्सन आणि बक लेनर्ड. आणि मग १९७५ साली तो दगड, ज्यासाठी टेड पेज या त्याच्या जुन्या सहकाऱ्यानं खटपट केली. पेज या आडनावाचा इथे गोंधळ होतो. टेडचा आणि सॅचेलचा काही संबंध नाही. टेड पिट्सबर्गमध्येच राहत होता.

बिनदगडाचा गिब्सन एकटा नव्हता हेही त्या दिवसांत कळलं. पिट्सबर्गहून तासाभराच्या अंतरावर, ओहायोतल्या स्ट्यूबनव्हिल गावी, मोझेस फ्लीटवूड वॉकर पुरलेला आहे. १८८४ साली, म्हणजे ती न लिहिलेली बंदी पक्की होण्याआधी, तो टोलीडोकडून मोठ्या लीगमध्ये खेळला होता. तोही कॅचर. तो १९२४ साली गेला आणि त्याच्या कॉलेजच्या मंडळींनी दगड बसवला तो नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर. इलिनॉयमधल्या पिओरियाचे एक भूलतज्ज्ञ, जेरेमी क्रॉक, यांनी लहानपणी घरच्या वडीलधाऱ्यांकडून जिमी क्रचफील्ड या खेळाडूच्या गोष्टी ऐकल्या होत्या. शोध घेतला तर शिकागोजवळच्या बर ओक दफनभूमीत क्रचफील्डवर दगडच नाही. २००४ साली त्यांनी वर्गणी काढून तो बसवला, आणि मग थांबले नाहीत. तेव्हापासून या प्रकल्पातून कितीतरी खेळाडूंचे दगड उभे राहिले. क्रचफील्ड हा क्रॉफर्ड्समध्ये गिब्सनचा सहकारी होता.

पुतळ्यांचं मात्र मला तितकंसं कौतुक नाही. पिट्सबर्गच्या आताच्या स्टेडियमवर, पीएनसी पार्कवर, २००६ साली गिब्सन, पेज आणि इतर काळ्या खेळाडूंचे पुतळे मोठ्या थाटात बसवले होते. २०१५ साली ते काढले. गिब्सनच्या वंशजांनी चालवलेल्या संस्थेला दिले, आणि पुढे त्यांचा लिलाव झाला. नऊ वर्षं. दगडासाठी अठ्ठावीस वर्षं थांबलेल्या माणसाचा पुतळा त्याच्याच गावात नऊ वर्षं टिकला. याच्या उलट लँडिसचं नाव बघा. दरवर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूला जो मान मिळतो, त्याच्या स्मृतिचिन्हावर लँडिसचं नाव १९४४पासून होतं. ते २०२० साली काढलं गेलं. शहात्तर वर्षं. आता तिथे गिब्सनचं नाव घालावं, अशी त्याच्या पणतूची, शॉन गिब्सनची, मागणी आहे. माझं मत विचाराल तर ती जागा काही वर्षं रिकामीच राहिलेली मला चालेल.

मामा परत गेले. आकडे जाहीर झाले त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. बातमी त्यांनी माझ्या आधी वाचली होती. अभ्यासकांना आतापर्यंत या लीगचे सुमारे तीन-चतुर्थांश धावफलक मिळालेत, बाकीचे मिळाले तर आकडे बदलतील, हे मेजर लीगनंच सांगितलं होतं, ते त्यांना फार आवडलं होतं. म्हटलं, मामा, उद्या उरलेले सामने सापडले आणि सरासरी .३६५ झाली तर? "मग दुसरा," ते म्हणाले. एवढ्यावर तो विषय त्यांच्यासाठी संपला, कारण त्यांच्या डोक्यात दुसरंच काहीतरी चाललं होतं. १९४३ साली जॉश इस्पितळात असेल त्या दिवशी ग्रेजचा संघ काही सुट्टी घेणार नाही. सामना तर होणारच.

"त्या दिवशी कीपिंग कुणी केलं?"

शोधून सांगितलं: रॉबर्ट गॅस्टन हा ग्रेजचा राखीव कॅचर होता, वर्षानुवर्षं गिब्सनच्या मागे बाकावर बसलेला.

"त्याची सरासरी किती?" मामांनी लगेच विचारलं. ती काढून द्यायची अजून बाकी आहे.